कान हाड

परबीणकाकींचा चेहरा मी नीट असा एकदाच पाहिला. बाकी सगळी ओळख पाठीशी. बुटकी, रुंद पाठ, मानेवर घामाने डकलेली तिखटाची लाल रेघ, घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेलं एखादं पांढरं फूल. ते फूल संध्याकाळपर्यंत तांबडं व्हायचं.

भांडुपच्या आमच्या गल्लीत त्यांचं डंकन होतं. डंकन म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं आणि मोटर चालू केली की पट्ट्यावर खालीवर होणारी मुसळं. उखळं भिंतीच्या बाजूला होती आणि गिऱ्हाइकं रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे काकी दिवसभर गिऱ्हाइकाकडे पाठ करूनच बोलायच्या. बोलायच्या म्हणजे ओरडायच्या. मुसळांच्या धडधडीवर आवाज चढवायची सवय अंगात इतकी मुरली होती की गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटतानासुद्धा "साखर कमी पडली" हे त्या असं सांगायच्या की पलीकडच्या गल्लीतून कोणीतरी साखर घेऊन यायचं.

लग्न होऊन मी मुलुंडहून भांडुपला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात सासूबाईंनी मला मिरच्यांची पिशवी देऊन डंकनावर पाठवलं. माझं माहेर साताऱ्याकडचं, सासर मालवणी. मसाल्याचं प्रमाण त्यांनी माझ्याकडून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. "मोठ्याने सांगू नको, तिच्या कानात सांग," एवढी एक सूचना होती. माझा नंबर आला. पाठीने मान जरा कलती केली, मी कानात प्रमाण सांगितलं. सांगून संपतं तोच पाठ ओरडली, "कान हाड!"

आमच्याकडे हाड कुत्र्याला म्हणतात. मी पिशवी उचलली आणि तडक घरी आले.

"त्या बाईने मला हाड केलं," मी सासूबाईंना सांगितलं.

सासूबाई आधी गंभीर झाल्या. नेमकं काय म्हणाली ते पुन्हा विचारलं. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ हसत बसल्या. "अगो, हाड म्हणजे आण. कान इकडे आण, असं म्हणत होती ती. तू सांगितलंस ते बरोबर ऐकलंय का, ते तुझ्या कानात परत सांगणार होती."

मी परत गेले. रांगेतल्या बायकांना तोवर सगळं कळलं होतं. काकींनी मागे वळूनही पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "इलंस? आता हाडतंस काय कान?"

मसाल्याचं प्रमाण कानात सांगायचं, ही त्या डंकनावरची रीत. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, दगडफूल घालायचं की नाही, हे एका घराचं दुसऱ्या घराला कळता कामा नये. बाकी सगळं काकी जगाला ऐकवायच्या. कोणाच्या मिरच्या ओल्या आहेत, कोणी धणे करपवलेत, कोणाची सून देठ काढत नाही. "देठासकट कुटलंय तर मसालो होवचो नाय, गवत होतलां!" प्रमाण मात्र कानातून कानात. धडधडीत दुसऱ्या कोणाला ऐकू जायची सोयच नव्हती. ज्या यंत्राने काकींचा आवाज चढवला, त्याच यंत्राने घराघरांचं गुपित झाकलं होतं.

आणि काकी ते झाकून ठेवायच्या. एकदा एका मुलाची आई, मुलीकडच्यांची चौकशी करायला म्हणून डंकनावर आली. स्थळ आमच्याच गल्लीतलं होतं. बाई हुशार. म्हणाली, "मसाल्यावरून घर कळतं, नाही का? काय काय घालतात हो ते लोक मसाल्यात?"

काकींनी मुसळाखालचा मसाला पळीने परतला आणि म्हणाल्या, "मिरच्ये."

"ते झालंच. आणखी?"

"आणखी तुमका सून झाली काय तिका विचारा."

लग्न जमलं. त्या सुनेने सासूला प्रमाण सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. सांगितलं नसावं.

आमच्या मजल्यावरच्या दोन जावांचं पटत नसे. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा मसालेही वेगळे झाले. निदान दोघी तसं सांगायच्या. दोघी वेगवेगळ्या दिवशी डंकनावर जायच्या. एकीने खोदून विचारलं, "तिचा कसा असतो?" काकी म्हणाल्या, "तिचो तिच्यासारखो." पुढे एका बारशाला दोघींच्या घरची आमटी शेजारी शेजारी वाढली गेली आणि सगळ्यांना कळलं की चव अगदी एक आहे. काकींना ते वर्षानुवर्षं माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, "सांगितलं असतंत तर भांडण तरी मिटलं असतं." तर म्हणाल्या, "भांडण मिटवूक मी काय कोर्ट? मी डंकन."

त्यांचे नियम थोडे होते आणि सगळे मसाल्याचे होते. हळकुंड शेवटी. चाळून वर राहिलेली भरड फेकायची नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, डंकन रिकामं चालवायचं नाही. उखळात माल पडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. "लोखंडार लोखंड आपटता. उखळ फुटता." एकदा त्यांच्या मुलाने, नितीनने, गंमत म्हणून रिकामं चालवून दाखवलं, तर काकींनी त्याला सगळ्या रांगेसमोर पळीने बडवला. तेव्हा तो चांगला बाप्या माणूस होता, लग्नाला आलेला.

मग रांगा आटल्या. त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको. आम्हीच. मी रोज अंधेरीला नोकरीला जात होते. माझ्या वयाच्या बायका पाकिटातला मसाला आणून डब्यात ओतत होत्या आणि डबा मात्र सासूचाच वापरत होत्या. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला गच्च्या उरल्या नव्हत्या. नवीन टॉवरच्या गच्चीवर तर मिरच्या घालू नयेत अशी पाटीच. एप्रिल-मेमध्ये जिथे उन्हात छत्र्या उघडून बायका उभ्या राहायच्या, तिथे आता काकी स्टुलावर बसून रस्त्याकडे पाठ करूनच पेपर वाचायच्या.

नितीनला मोबाइलची कव्हरं विकणारा एक भाडेकरू भेटला होता. तो त्या जागेसाठी टपलेलाच होता. नितीन वाईट मुलगा नव्हे, हिशोबी होता. आईला म्हणाला, "हा सीझन बघू. नाही चालला तर डंकन काढू." काकी पट्ट्याला तेल लावत राहिल्या.

व्हिडिओची कल्पना त्यांच्या सुनेची, स्नेहलची. ती माझ्याकडे आली कारण मी एका सहल कंपनीत कामाला होते आणि ऑफिसने आम्हा सगळ्यांना व्हिडिओ करायला लावले होते. अंधेरीच्या खुर्चीत बसून हिमालय विकायचा. हिमालय विकता येतो तर मसाला का नाही, असं मलाही वाटलं.

पहिला प्रयत्न रविवारी सकाळी झाला. स्नेहलने काकींना समोर बसवलं, नवी साडी नेसवली, मागे मसाल्याच्या बरण्या मांडल्या. काकींनी तोंडाला पावडर लावली. मी मोबाइल धरला आणि म्हटलं, "बोला."

काकी उभ्या राहिल्या, हात जोडले आणि शाळेच्या गॅदरिंगमधल्या आवाजात म्हणाल्या, "नमस्कार. मी श्रीमती परब. आमच्या येथे मसाले कांडून मिळतात." आणि थांबल्या. पुढे काहीच नाही. मोबाइलकडे अशा बघत होत्या जशा आपण डोळे तपासणाऱ्या डॉक्टरकडे बघतो.

"आई, नेहमी बोलता तसं बोला ना," स्नेहल म्हणाली.

"नेहमी मी असां समोर बघून खय बोलतंय?"

हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं काही मी म्हणणार नाही. मला ते पाच मिनिटांनी कळलं, जेव्हा एक मुलगी पिशवी घेऊन आली. काकींनी सुटका झाल्यासारखी पाठ फिरवली, मिरची हातात घेऊन वाकवली आणि ओरडल्या, "ही खय सुकवलंस?"

"मायक्रोवेव्हमध्ये, काकी. ऊन नाही येत आमच्याकडे."

"मायक्रोवेव्हात! मगे हय कित्याक इलंस? कुटूक पण त्याच डब्यात घाल! उद्या माझ्या दारात हाडून पसर. माझ्याकडे ऊन आसा, फुकट आसा."

मी मोबाइल बंद केलाच नव्हता. व्हिडिओत पाठ होती, अंबाडा होता, धडधड होती आणि मधेच स्नेहल शिंकल्यामुळे सगळं चित्र हललं होतं. स्नेहल म्हणाली, "हे टाकायचं?" मी म्हटलं, "हेच."

लोकांना पाठ आवडली. का, ते मला विचारू नका. मला वाटतं समोर बघून गोड बोलणारी माणसं त्यांना मोबाइलवर पुष्कळ दिसत असणार. पाठमोरी रागावणारी बाई दिसत नसणार. कोणी लिहिलं, माझी आजी अशीच होती. कोणी लिहिलं, चेहरा दाखवा. कोणी विचारलं, प्रत्येक व्हिडिओत भूकंप का होतो. तो भूकंप म्हणजे स्नेहलची शिंक. तिने मास्क लावून पाहिला, रुमाल बांधून पाहिला. डंकनात उभं राहून न शिंकणारी एकच बाई मी पाहिली, ती काकी.

स्नेहल रोज संध्याकाळी सांगायची, आज एवढ्या लोकांनी बघितलं. काकी विचारायच्या, "बघूक काय जाता? त्यातले मिरच्ये घेऊन कितके येतले तां सांग."

पण लोक आले. आधी भांडुपचेच, ज्यांना डंकन अजून चालू आहे हेच माहीत नव्हतं. मग मुलुंड, घाटकोपर, बोरिवली. रिक्षातून मिरच्यांची पोती उतरायला लागली. येणारे आत येऊन मुद्दाम काकींच्या मागेच उभे राहायचे. बाजूने पुढे जायला जागा होती तरी कोणी जायचं नाही. पाठ बघून त्यांना ठिकाणावर आल्यासारखं वाटायचं.

सगळ्यांचा एकच प्रश्न असायचा, प्रमाण सांगा. व्हिडिओखाली शंभर वेळा तोच. काकींचं उत्तर ठरलेलं, "माका विचारू नको, तुझ्या आवशीक विचार." मी त्यांना समजावलं, की एखादं साधं प्रमाण सांगून टाका, लोक खूश होतील. त्या म्हणाल्या, "खयचा सांगू? माझ्याकडे माझा एकच आसा. बाकी सगळी लोकांची." ज्यांच्या घरी मसाल्याची रीतच नव्हती, त्यांना काकी गाव विचारायच्या, मासे जास्त खाता की मटण विचारायच्या, मुलांना तिखट चालतं का विचारायच्या आणि त्यांच्यापुरतं एक प्रमाण जुळवून द्यायच्या. "ह्या आता तुमचा. कोणाक सांगू नकात." दुसऱ्या गिऱ्हाइकाला तेच प्रमाण द्यायच्या नाहीत. एका गुजराती बाईंना घाटकोपरहून येऊन स्वतःचा मालवणी मसाला मिळाला. त्या इतक्या हरखल्या की जाताना काकींच्या पाठीलाच नमस्कार करून गेल्या.

सीझन अर्ध्यावर आला होता आणि नितीनने कव्हरवाल्याचे फोन घेणं बंद केलं होतं. तेव्हा स्नेहलने लाइव्ह करायचं ठरवलं. लाइव्ह म्हणजे इकडे घडतंय ते तिकडे त्याच क्षणी दिसणार. त्या दिवशी रांगेत पहिल्या होत्या राणेआजी.

राणेआजी म्हणजे भांडुपच्या डोंगराकडच्या वस्तीतलं सगळ्यात जुनं घर. त्यांनी कुठे मसाला कुटायला दिला की निम्मी वस्ती तिथे द्यायची. परबांचं डंकन चालू झालं ते त्यांच्या मिरच्यांवर, असं काकी स्वतः सांगायच्या. आजींचा मसाला नावाजलेला. त्यांच्याकडच्या लग्नाला लोक वधूवरांसाठी नव्हे, जेवणासाठी जात.

उखळात आदल्या गिऱ्हाइकाचा माल कुटला जात होता. आजींनी काकींच्या कानात प्रमाण सांगितलं. काकी म्हणाल्या, "कान हाड." आजींनी कान पुढे केला. काकी परत म्हणून दाखवायला लागल्या. आणि लाइट गेली.

मुसळं वरच्या वर थांबली. पंखा थांबला. समोरच्या लॉंड्रीतला रेडिओ थांबला. इतकी शांतता त्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत काकी बेडगीपासून हिंगापर्यंत राणेआजींचं सगळं प्रमाण खणखणीत आवाजात म्हणत राहिल्या. त्यांच्या लेखी ती कुजबुज होती. इतकी वर्षं त्या धडधडीवर मात करायला ज्या आवाजात कुजबुजल्या, तोच तो आवाज. स्वतःच्या कानात धडधड एवढी मुरलेली की बाहेरची थांबली हे त्यांना कळलंच नाही. आजींनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला तेव्हा त्या गप्प झाल्या. तोवर हिंग झाला होता.

स्नेहलच्या हातात मोबाइल तसाच होता. त्यावर भराभर उमटत होतं, थँक यू काकी. थँक यू. लिहून घेतलं.

राणेआजींनी आपली पिशवी परत मागितली. नातवाचा हात धरून पायऱ्या उतरल्या आणि गेल्या.

तो व्हिडिओ स्नेहलने लगेच काढला. पण लोकांनी उतरवून घ्यायचं ते घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी दुसऱ्याच नावाने "भांडुपच्या आजींचा खास मसाला, प्रमाणासह" असा व्हिडिओ टाकलेला होता. डंकनावर शुकशुकाट. दोन बायका आल्या त्या काल ठेवलेली पिशवी न्यायला. "घरीच करू म्हणतोय मिक्सरवर," असं स्नेहलला म्हणाल्या. काकींच्या पाठीकडे बघितलं नाही.

बाहेरची गिऱ्हाइकं येत राहिली असती. पण ती वर्षातून एकदा येणार, आणि व्हिडिओचा नाद संपला की ती तरी येतील का? डंकन चालायचं ते गल्लीच्या आणि वस्तीच्या जीवावर, आणि त्यांनी ते का चालवायचं तर काकींच्या तोंडाला कुलूप आहे म्हणून. कुलूपच मोडलं. नितीन संध्याकाळी म्हणाला, "कव्हरवाल्याला फोन करू?" काकी म्हणाल्या, "कर. पण आधी माका राणीणीकडे जाऊन येवंदे."

मला सोबत घेतलं. वस्तीपर्यंत रिक्षा जाते, पुढे चढ. काकी वाटेत एक शब्द बोलल्या नाहीत. शांत असलेल्या काकी मी प्रथमच पाहत होते आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

राणेआजी ओट्यावर बसून कोकमं निवडत होत्या.

"इलंस?" त्या म्हणाल्या. "बस."

काकी बसल्या नाहीत. "वयनी, माझ्या हातसून चूक झाली. मी डंकन बंद करतंय."

"कित्याक?"

"तुमचो मसालो अख्ख्या मुंबईक कळलो."

"हां. नातवान माका पण ऐकवल्यान. आवाज बरो इलोहा तुझो." आजींनी एक कोकम बाजूला टाकलं. "कळलो तर कळलो. करूक सांग त्यांका. आमच्यासारखो झालो काय माका हाडून दाखवूक सांग."

"प्रमाण सगळा सांगलंय मी. हिंगापर्यंत."

"सगळा?" आजी हसल्या. दात नव्हते, तरी हसू पुरेसं होतं. "गो परबिणी, तुका सगळां सांगूक मी काय येडी आसंय? मसालो घराकडे इलो काय त्याच्यात मी एक जिन्नस घालतंय. माझी सासू पण घाली. तां कोणाक सांगूचा नसता. डंकनवालीक तर नायच नाय."

"मगे काल तशा उठून गेलास कित्याक?"

"तापलंय म्हणान. तापूक नको? माझो मसालो तो."

काकी खाली बसल्या. मला वाटलं, हुश्श करतील. त्यांनी हुश्श केलं नाही. कोकमांकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्सां तुमी माका अर्धाच सांगलास?"

परतीच्या रिक्षात तेच. "अर्धाच सांगल्यानी माका." डंकन वाचलं होतं हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांच्या डोक्यात ते शिरेना. ज्या तिजोरीवर आयुष्यभर पहारा केला, तिच्यात माल अर्धाच होता, हे कळल्यावर पहारेकऱ्याला जसं वाटेल तसं त्यांना वाटत होतं.

पुढचे काही दिवस त्यांनी गल्लीतल्या एकेका जुन्या गिऱ्हाइकाला गाठलं. "तू पण?" एवढंच विचारायच्या. बायका आधी नाही म्हणायच्या, मग इकडेतिकडे बघायच्या, मग हसायच्या. सगळ्यांनी काही ना काही मागे ठेवलं होतं. त्या दोन भांडणाऱ्या जावांनीसुद्धा, आणि बहुतेक एकच.

मी घरी येऊन सासूबाईंना विचारलं, "आपणही घरी काही घालतो का?"

त्या चादरीची घडी घालत होत्या. "परबिणीने विचारायला पाठवलं का?"

"मी विचारतेय."

"घालतो."

"काय?"

"बघू," त्या म्हणाल्या. "तुझं लग्न होऊन अजून फार दिवस झाले नाहीत." माझी मुलगी तेव्हा कॉलेजला होती.

काकींचा राग एका सकाळी उतरला. उतरला म्हणजे काय झालं, तर स्नेहलला म्हणाल्या, "तो मोबाइल काढ." मी ऑफिसला निघाले होते, थांबले. काकींनी डंकनाकडे तोंड केलं, रस्त्याकडे पाठ, आणि मोटर बंद असतानाही नेहमीच्या वरच्या पट्टीत सुरू झाल्या.

"बायांनो, ऐका! ह्या डंकनार कोणी खरां बोलणा नाय. राणीण नाय, सावतीण नाय, कोण नाय. मी इतकी वर्सां कुलूप लावून बसलंय आणि आत बघतंय तर अर्धोच माल! तेव्हा आता भियू नकात. या. माका खोटां सांगा. मी कुटून देतंय!"

स्नेहल शिंकली. भूकंप झाला. व्हिडिओ तसाच गेला.

मला कोणी विचारलं की धंद्यासाठी व्हिडिओ कसा करावा, तर माझ्याकडे उत्तर नाही. ऑफिसात आम्हाला शिकवलं होतं की आपला माल सर्वांत चांगला आहे असं सांगा. काकींनी सांगितलं की माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायका खोटारड्या आहेत, आणि त्या सगळ्या बायका दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन हजर. "काकी, खोटं सांगायला आले," असं म्हणत रांगेत उभ्या राहायच्या. वस्तीतल्या आल्या, टॉवरमधल्या आल्या. छत्र्या पुन्हा उघडल्या. कव्हरवाल्याने पुढच्या चौकात टपरी टाकली आणि काकींच्या पाठीचा फोटो असलेलं कव्हर काढायची परवानगी मागायला आला. त्याला काकींनी काय ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही.

राणेआजी मात्र आल्या नव्हत्या. काकी कोणाला काही विचारायच्या नाहीत, पण डोंगराकडून रिक्षा आली की मान थोडी वळायची.

मे महिना संपत आला होता तेव्हा एका दुपारी त्या आल्या. जेवणाची वेळ, रांगेत कोणी नाही, काकींनी शेवटचं उखळ पुसून ठेवलेलं. मी आमची भरड न्यायला गेले होते. स्नेहलने सवयीने मोबाइल उचलला. मी तो तिच्या हातातून घेऊन फळीवर पालथा ठेवला.

आजींनी पिशवी खाली ठेवली. मिरच्या अजून पिशवीतच होत्या.

"परबिणी," त्या म्हणाल्या, "कान हाड."

आजवर तिथे हे म्हणायचा हक्क फक्त काकींचा होता. काकींनी हात पुढे केला, मला वाटलं पिशवीकडे. हात वर गेला आणि त्यांनी बटण दाबलं. रिकाम्या उखळात मुसळं धाडकन आपटली, लोखंडावर लोखंड. सगळी जागा हादरली. नितीन आतून जेवता जेवता धावत आला आणि दारातच थांबला. काकींनी कान पुढे केला. आजी त्यांच्या कानाशी थोडंसंच बोलल्या. एखाद्या जिन्नसाचं नाव घ्यायला लागतो तेवढाच वेळ.

काकींनी परत म्हणून दाखवलं नाही. बटण बंद केलं आणि वळल्या.

तेव्हा मी त्यांचा चेहरा नीट पाहिला. गोल, तांबूस, कपाळावर मोठं कुंकू, आणि बाईंनी पहिल्या बाकावर बसवलेल्या शाळकरी मुलीचा असतो तसा.

"काय बघतंस?" त्या माझ्यावर खेकसल्या. "तुझी भरड थय आसा."

तो त्यांचा शेवटचा सीझन. दिवाळीनंतर त्या गावी गेल्या, तिथे त्यांचं घर आहे, माडाची झाडं आहेत. आता डंकन स्नेहल चालवते. तिचे व्हिडिओ नीट असतात. समोरून, उजेडात, हसतमुख. शिंकही थांबली आहे. लोक अजून खाली लिहितात, पाठ कुठे गेली. गिऱ्हाईक आलं की तीही मान कलती करते आणि "कान हाड" म्हणते. ती मूळची नाशिकची. पण म्हणते छान.